मासे कापूचे आसत, मणी कित्याक ओवू?

*पत्र :* डॉक्टर, नमस्कार. मी सांगतेय आणि माझा भाचा लिहून घेतोय. मी ५८ वर्षांची, मालवण तालुक्यातली. घरीच खानावळ आहे, शिवाय दोन खोल्या पर्यटकांना देतो. आठ महिन्यांपूर्वी मला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालते. उजवा हात तोंडापर्यंत येतो. बोटं मिटतात, पण उघडायला वेळ लागतो. बोलताना शब्द अडकतात. डोक्यात असतात, जिभेवर येत नाहीत. आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपीला जाते. तिथली मुलगी चांगली आहे, पण ती मला मणी ओवायला लावते, लाकडी खुंट्या भोकांत बसवायला लावते, प्लॅस्टिकचे शंकू एकावर एक रचायला लावते. तिने मला काही विचारलं की उत्तर सून देते. घरी व्यायाम करता का, असं विचारलं तर सून म्हणते, करतात. मी करत नाही. परवा मी भाच्याला म्हटलं, "माका मासे कापूचे आसत, मणी कित्याक ओवू?" तो म्हणाला, हे डॉक्टरांना कळवूया. आमच्याकडे वडे आणि बांगड्याचं तिखलं खायला लोक लांबून येत. आता सून करते, चांगलं करते, पण ते माझं नाही. थेरपी सोडून देऊ का? आणि गणपतीत माझ्या हातून मोदक होतील का?
— एक वाचक

*उत्तर :*

ताई,

सोडू नका. पण आत्ता चाललंय तसंच पुढेही चालू ठेवू नका.

भाच्याला विचारलात तो प्रश्न थेरपिस्टला विचारा, अगदी त्याच शब्दांत, मालवणीतच. डॉक्टरांच्या खोलीत प्रश्न विचारला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून असलेल्या या उपचारांत, ही समजूत फार नुकसान करते. रक्तदाबाची गोळी पोटात गेली की आपलं काम करते, तुम्हाला तिच्याबद्दल काही वाटो न वाटो. हाताचा सराव मात्र तुम्हालाच करायचा असतो, आणि तो कशासाठी हे कळलं नाही तर कुणीच फार दिवस करत नाही. तुम्ही सोडलात. त्यात आळशीपणा मला तरी दिसत नाही.

तिच्याकडे उत्तर असणार. मणी ओवताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते. पॅरालिसिसनंतर स्नायू ताठरतात, धरलेली वस्तू हात सोडायला तयार होत नाही. खुंटी भोकात बसवून सोडून देणं हा त्या सोडण्याचा सराव असतो. शंकू रचायला खांदा आणि कोपर एकत्र उचलावे लागतात. म्हणजे ती मनाला येईल ते करून घेत नाहीये. पण मण्यांचा आणि बांगड्याचा संबंध तुम्हाला कुणी लावून दाखवलेला नाही. शिवाय मणी ओवून ओवून माणूस मणी ओवण्यात तरबेज होतो. ती तरबेजी निसरडा मासा धरताना आपोआप कामाला येईलच असं नाही. ज्या कामासाठी हात परत हवाय, त्याच कामाचा किंवा त्याच्या जवळच्या कामाचा पुन्हा पुन्हा सराव करावा, असं पॅरालिसिसच्या रुग्णांसाठीच्या आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या मनात आलेलं अगदी हेच होतं.

मग सगळीकडे मणी आणि खुंट्याच का दिसतात? आपल्या देशात या विषयाचं शिक्षण १९५० साली परळच्या केईएममध्ये कमला निंबकरांच्या पुढाकाराने सुरू झालं, आणि त्यानंतरही हा पेशा वाढला तो बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या आधाराने. रुग्णालयात चूल नसते, आडाळो म्हणजे विळी नसते. कपाटात मणी असतात. बाहेर रांग लागलेली असते आणि एकेकाला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. या अडचणीत थेरपिस्ट जे हाताशी आहे ते वापरते. तिला तुमचा आडाळो दिसणार कसा? तुम्ही दाखवलात तरच.

मासे कापण्याचंच बघा. कदाचित तिने आयुष्यात कधी आडाळ्यावर मासा कापला नसेल. मालवणात राहूनही हल्ली पुष्कळ घरांत मासळी बाजारातूनच कापून आणतात. तेव्हा तिला सांगा : जमिनीवर बसायचं, पायाने किंवा मांडीने आडाळ्याचा पाट दाबून धरायचा. पातं उभं आणि स्थिर. हलतो तो मासा. दोन्ही हातांनी मासा पात्यावर न्यायचा, डोकं, कल्ले, पोट, शेपूट, आणि दर वेळी तो हातातल्या हातात फिरवायचा, तोही ओला आणि बुळबुळीत असताना. म्हणजे यात खाली बसणं-उठणं आलं, दोन हातांचा मेळ आला, निसरड्या वस्तूवरची पकड आली, बोटांच्या टोकांना लागणारी जाणीव आली आणि पात्याजवळ न ढळणारं लक्षही आलं. यातलं तुमचं नेमकं काय अडलंय? गुडघा? पकड? बोटांना मासा जाणवतो का? तिला स्नायू आणि नसा कळतात, तुम्हाला आडाळो कळतो. हा शोध एकटीने लावणं दोघींपैकी कुणालाच जमणार नाही.

माझ्याकडे थेरपीला हर्णै बंदरावरचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, येत. हाताचे व्यायाम त्यांना मनापासून नकोसे. बोलता बोलता कळलं की त्यांना पुन्हा जाळी दुरुस्त करायला बसायचंय, समुद्रावर जायला मिळालं नाही तरी चालेल. मी बारीक सुतळी आणि जाळ्याची सुई मागवणार होते. ते म्हणाले, बारीक नको, आधी मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं जाळं आणतो. त्याला जाड दोरा लागतो, सुई मोठी असते आणि गाठ सैल पडली तरी डोळ्यांना दिसते. मग हळूहळू आस बारीक करत नेऊ. सरावाच्या पायऱ्या कशा चढवायच्या हे आम्ही पुस्तकातून शिकतो. त्यांनी त्या धंद्यातून आणून दिल्या, आणि माझ्यापेक्षा चांगल्या दिल्या.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

"तुम्हाला काय करायचंय?" असं एखादीला विचारलं, की आपल्याकडच्या बायका बहुधा म्हणतात, "माझं काय हो, घरच्यांना त्रास नको म्हणजे झालं." वर्षानुवर्षं हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, मग उत्तर तयार कुठून असणार? म्हणून मी प्रश्न फिरवून विचारते : कुठलं काम दुसऱ्याने केलेलं तुम्हाला बघवत नाही? तुमचं उत्तर पत्रातच आहे. सून वडे चांगले करते, पण ते माझे नाहीत. हे वाक्य थेरपिस्टच्या कानावर गेलंच पाहिजे.

आम्हा थेरपिस्टांकडे यासाठी एक ठरलेली पद्धतही आहे. कॅनडातल्या थेरपिस्टांनी १९९१ साली ती प्रसिद्ध केली आणि आज कितीतरी देशांत ती वापरतात. थेरपिस्ट ती मुलाखत घेऊन करते, पण तिचा गाभा तुम्ही घरी भाच्याबरोबर बसूनही करू शकता. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत जे जे करायचं असतं आणि नीट होत नाही, ते त्याला लिहायला सांगा. अंगावरची कामं : ब्लाऊजची हुकं, केसांचा अंबाडा, न्हाणीघरातला तांब्या. कामधंद्याची कामं : वडे, मासे, नारळ खोवणं, पर्यटकांच्या पैशांचा हिशेब. आणि मनाची कामं : भजनात झांज वाजवणं, तुळशीकडे दिवा लावणं, जे असेल ते. मग प्रत्येक कामापुढे एक ते दहा असे गुण द्या, ते तुमच्या लेखी किती महत्त्वाचं आहे त्याचे. सगळ्यांत महत्त्वाची अशी पाचच निवडा, पाचापेक्षा जास्त नकोत. त्या पाचांना आणखी दोन प्रकारचे गुण द्यायचे : आत्ता ते किती जमतं, आणि जितकं जमतं त्यावर मी किती समाधानी आहे.

जमणं आणि समाधान वेगळं कशाला मोजायचं, असं भाचा विचारेल. ते वेगळं असतं म्हणून. हुकं तुम्हाला धड लावता येत नसतील, पण घरात गाऊन घालून तुमचं भागत असेल, तर जमण्याला दोन गुण पडतील आणि समाधानाला आठ. त्यावर वेळ घालवायची गरज नाही. उलट चहा तुम्ही डाव्या हाताने ठीक करत असाल, जमण्याला सात, पण पाहुण्यांसमोर कपबशी थरथरते म्हणून समाधानाला तीन. मग चहा यादीत वर जातो. बाहेरच्या माणसाला चहा होतोय एवढंच दिसतं. तुम्हाला काय सलतं ते तुमच्या गुणांतूनच कळणार.

गुण तुम्ही द्यायचे. सुनेने नाही, भाच्याने नाही, थेरपिस्टने नाही. काही आठवड्यांनी याच पाच कामांना पुन्हा गुण द्या. दोन गुणांचा फरक पडला तर तो मोलाचा धरतात. फरक पडलाच नाही तर काय बदलायचं, ते तिच्याबरोबर बसून ठरवता येईल. निदान बोलायला हातात काहीतरी असेल.

तुमच्या यादीत मासे पहिले असतील, पण मला विचाराल तर सुरुवात वड्यांपासून होऊ शकते. वडा लाटत नाहीत, थापतात. पानावर गोळा ठेवून ओल्या तळव्याने दाबायचा, बोटं पसरायची. तुमची बोटं मिटतात आणि उघडायला वेळ लागतो, असं तुम्ही लिहिलंय. वडा थापताना पिठावर तळवा टेकून दाब देत बोटं उघडावी लागतात, म्हणजे नेमकी तुम्हाला हवी ती हालचाल. पहिले वडे वेडेवाकडे होतील, डावा हात उजव्यावर ठेवून दाबावं लागेल, तरी चालेल. तळणं मात्र सुनेकडे. हात तेलाच्या कढईपासून दूर राहिला पाहिजे, निदान बोटांना गरम-गार कळतं का याची थेरपिस्टने नीट तपासणी करेपर्यंत. ही तपासणी घरी गरम भांडं लावून करू नका.

माशांत पहिली पायरी सुंगटं, म्हणजे कोळंबी. ती सोलायला पातं लागत नाही; डोकं मुरगळायचं, साल काढायची, दोरा ओढायचा. चिमूट आणि दोन हातांचा मेळ दोन्ही येतं. फक्त डोक्यावरचा काटा सांभाळा. बोटाला तो टोचलेला कळत नसेल तर आधी सुनेकडून डोकी काढून घ्या. नंतर बांगडा, पण कात्रीने. आडाळो सगळ्यांत शेवटी, तोही बहुधा टेबलावर घट्ट बसवून आणि तुम्ही खुर्चीवर बसून. हा क्रम माझा अंदाज आहे. मी तुमचा हात पाहिलेला नाही. तो पाहिलाय तिने, आणि आतून ओळखता तुम्ही. दोघींनी मिळून तो बदलला तर मला आनंदच होईल.

इथे एक निर्णय फक्त तुमचा आहे, आणि तो कुणी तुम्हाला विचारलेला दिसत नाही. तुम्हाला उजवा हात परत हवाय, की स्वयंपाकघर परत हवंय? दोन्ही हवं असं म्हणाल, मीही तेच म्हणाले असते. पण दिवसाला तास ठरावीक असतात. उजव्या हातावर भर दिला तर कामाला वेळ लागेल, पण हात सुधारण्याची शक्यता वाढेल. डाव्या हाताने कामं उरकायची ठरवलंत तर खानावळीत लवकर उभ्या राहाल. सुताराकडून जाड फळीत न गंजणारे दोन खिळे उभे ठोकून घ्या. त्यावर बटाटा, कांदा, मासा खोचून एका हाताने कापता येतो. फळीच्या खाली रबर लावलंत की ती सरकत नाही. एका हाताने जगायच्या अशा पुष्कळ युक्त्या आहेत. मी बहुतेकांना मधला मार्ग सुचवते : घाई असेल तिथे डावा, निवांत असेल तिथे उजवा. पर्यटकांच्या दिवसांत ताट वेळेवर जायलाच हवं, तेव्हा डाव्याने करा. पावसात होड्या किनाऱ्याला लागतात, पाहुणे कमी होतात. ते उजव्या हाताचे दिवस. एवढं मात्र लक्षात असू द्या की न वापरलेला हात आणखी वापरेनासा होतो. उजव्याला रोज काहीतरी काम ठेवाच, नुसतं भांडं दाबून धरण्याचं का असेना.

"सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही" असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यांत वेगाने होते हे खरं. त्यानंतर ती थांबतेच, हे खरं नाही. वेग कमी होतो, सरावाने पुढेही फरक पडत राहतो. हात पूर्वीसारखा होईलच असा शब्द मात्र मी देणार नाही, आणि कुणी दिला तर त्यालाच दोन प्रश्न जास्त विचारा.

आता सूनबाई. त्या उत्तरं देतात याचा तुम्हाला राग आलाय, पण पत्रात तुम्ही तो दाबून ठेवलाय. त्यांच्या बाजूनेही बघू. खानावळ, खोल्या, तुम्ही, आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याला येणं-जाणं, सगळं त्यांच्या अंगावर पडलंय. थेरपिस्टने विचारलं आणि तुमचा शब्द अडकला, की ती शांतता त्यांना सहन होत नाही. "करतात" हेही त्या तुम्हाला ओरडा बसू नये म्हणूनच म्हणत असणार. त्यांना मोकळेपणाने सांगा, आणि हे घरी सांगा, तिथे चारचौघांत नको : "तू बोललीस की माझं काम होतं, पण माझं बोलणं राहून जातं. पहिली दहा मिनिटं मला एकटीला आत जाऊ दे. मग तू ये आणि माझं राहिलेलं सांग." दहा मिनिटं बाहेरच्या बाकड्यावर निवांत बसायला मिळाली तर त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

शब्द अडकतात त्याबद्दल. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम डाव्या बाजूला चालतं, आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते. म्हणून उजवी बाजू जाते तेव्हा पुष्कळांची वाणीही अडखळते. त्याने अक्कल जात नाही, मतं जात नाहीत. समोरच्याला मात्र वाटतं की हिला कळतच नाही, आणि तो शेजारच्याशी बोलायला लागतो. थेरपिस्टला सांगा की मला वेळ लागतो, वाक्य माझ्यासाठी पुरं करू नका. मोबाईलमध्ये फोटो ठेवा : आडाळो, वड्यांची परात, न्हाणीघराचा उंबरा, झांज. शब्द सापडला नाही तर बोट दाखवा. वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट असतात, जवळपास कुणी आहे का तेही तिलाच विचारा.

मोबाईल आहेच तर भाच्याकडून आणखी एक काम करून घ्या. थेरपिस्टला तुमच्या घरी येणं जमणार नाही, म्हणून घर तिच्याकडे न्या. स्वयंपाकघराचा ओटा, चुलीची जागा, मागीलदार, न्हाणीघर, पायऱ्या यांचे छोटे व्हिडिओ काढा. शेजारी मोजपट्टी धरली तर उंचीही कळेल. एक व्हिडिओ तुमचा, काहीतरी करताना आणि ते न जमताना. न जमणारा भाग कापून टाकू नका, तिला तोच बघायचाय. टेबलावर खुंट्या लावणारा हात आणि घरच्या ओट्यावर धडपडणारा हात यांत केवढा फरक असतो ते तिला अर्ध्या मिनिटात दिसेल.

आणि "करते" असं खोटं सांगणं बंद. तुमच्याही वतीने कुणी सांगू नये. खोट्या "हो"मुळे तिला वाटतं की व्यायाम करूनही हात सुधारत नाही, आणि ती औषध बदलावं तसे व्यायाम बदलत बसते. "केलं नाही" असं सांगा, का ते सांगा : कंटाळा येतो, खांदा दुखतो, वेळ नसतो, सून बघते तेव्हा लाज वाटते. प्रत्येक कारणावर वेगळा उपाय असतो. खांदा दुखत असेल तर ते आधी सांगा. आणि उठवताना कुणी उजव्या दंडाला धरून ओढत असेल तर ते आजपासून थांबवा. तासभर व्यायाम जमणार नसेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि काय जमेल ते तुम्ही सुचवा. रोज सकाळी लसणीच्या पाकळ्या सोलणं, हा करार तासाभराच्या कागदी व्यायामापेक्षा कितीतरी बरा, कारण तो पाळला जाईल.

सगळंच काही वाटाघाटीने ठरत नाही, हेही सांगून टाकते. रक्तदाबाच्या गोळ्या, पात्यापाशी आणि आगीपाशी घ्यायची काळजी, पडण्याचा धोका, इथे ती "नाही" म्हणाली तर ते मानायचं. पण "का नाही" आणि "मग कधी" हे विचारायचा हक्क तिथेही आहे.

मोदकांचं विचारलंत. तारीख ठरलेली असली की सरावाला जोर येतो, म्हणून गणपतीची मुदत चांगलीच आहे. उकड मळायला ताकद लागते आणि ती गरम असते, ते सुनेकडे द्या. पारी डाव्या हातावर धरून उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने कळ्या पाडायच्या. ती चिमूट मण्यांचीच, फक्त मऊ आणि हलकी. थेरपिस्टला सांगा की मला मणी नकोत, मळलेली कणीक द्या, त्याच्या कळ्या पाडते. तुमची चिमूट आज किती घट्ट बसते ते मला माहीत नाही, म्हणून एकवीस मोदक होतील असं म्हणत नाही. साचा वापरलात तर पुष्कळ होतील. साचा चालेल की नाही, की थोडेच पण हाताचे हवेत, हे तुम्ही ठरवा. मला सासूबाईंच्या काळापासून साच्याचा राग आहे, पण तो माझा प्रश्न झाला.

तिने ऐकलंच नाही तर? बहुतेक वेळा तसं होत नाही. रुग्ण स्वतःहून काही मागतोय म्हटल्यावर आम्हाला हुरूप येतो. दिवसभर "तुम्ही सांगाल तसं" ऐकून आम्हीही कंटाळलेल्या असतो. तरीही "मी सांगते तेवढं करा" असंच उत्तर आलं, तर दुसरी थेरपिस्ट शोधा. कोकणात लगेच सापडणार नाही हे मला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा व्हिडिओवर बघणारी कुणी मिळाली, तरी मधल्या काळात घरचा सराव तुम्हाला चालू ठेवता येईल.

पुढच्या खेपेला जाताना भाच्याकडून ही चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि आत गेल्यावर बोलण्याआधी तिच्या हातात द्या :

"मला शब्द सापडायला वेळ लागतो, कृपया थांबा. पहिली दहा मिनिटं माझ्याशीच बोला. मला खानावळीत परत काम करायचं आहे. माझी पाच कामं सोबतच्या कागदावर आहेत, गुण मी दिले आहेत. घरी मी व्यायाम करत नाही, कारण ते कशासाठी हे मला कळलेलं नाही. प्रत्येक व्यायाम यातल्या कुठल्या कामासाठी, ते सांगा. मोबाईलमध्ये माझ्या स्वयंपाकघराचे व्हिडिओ आहेत, ते बघा. वडे थापण्यापासून सुरुवात करता येईल का? बोटांना गरम-गार कळतं का ते तपासाल का? पुढच्या महिन्यात आपण दोघी गुण पुन्हा बघू."

तारीख टाका, आणि चिठ्ठीचा एक फोटो भाच्याच्या मोबाईलमध्ये राहू द्या.